डीएनएवरून गोत्र सांगणारा बनावट अहवाल

साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या आत्यांची ‘डीएनए वंशशोध’ या नावाखाली १८ हजार रुपयांची फसवणूक झाली असून, तेच प्रतिनिधी इतर ज्येष्ठ नागरिक संघांतही जात असल्याचे कळल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन घराण्याचे मूळ गाव, गोत्र आणि दहा पिढ्यांचे पूर्वज सांगू, असे आश्वासन आत्यांना देण्यात आले. पणजोबांच्या आधीची नावे घरात कोणालाच ठाऊक नसल्याने माहेरच्या घराण्याचा शोध लागावा, ही त्यांची फार जुनी इच्छा होती. नमुन्यासोबत एक माहितीपत्रक भरून घेतले गेले आणि त्यात आत्यांनी रीतीप्रमाणे सासरचे आडनाव, गोत्र व कुलदैवत लिहिले.

महिन्याभराने आलेल्या गुळगुळीत कागदावरील अहवालात नेमके तेच, म्हणजे सासरचे गोत्र ‘जनुकांत आढळले’ असे छापलेले होते! लग्नानंतर स्त्रीचे गोत्र विधीने बदलते, रक्त बदलत नाही. आणि मुळात गोत्र कोणाच्याही डीएनएमध्ये लिहिलेले नसते. अहवालात आत्यांच्या ‘वाय गुणसूत्रावरून’ पितृवंशही सांगितला होता. हे गुणसूत्र वडिलांकडून केवळ मुलग्याकडे जाते, स्त्रियांमध्ये ते सहसा नसते, त्यामुळे आत्यांच्या पितृवंशाची चाचणी करायची असती तर माझ्या वडिलांचा किंवा एखाद्या चुलतभावाचा नमुना लागला असता. स्त्रीच्या नमुन्यावरून आईकडून आलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकाच्या) डीएनएद्वारे मातृवंशाचा माग काढता येतो, पण त्याचा अहवालात उल्लेखही नव्हता. दहा पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि त्यांतील अनेकांच्या डीएनएचा अंशही आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो, मग त्यांची नावे व गावे चाचणीतून कशी निघणार?

आम्ही प्रयोगशाळेचे नाव आणि चाचणीची मूळ विदा (डेटा) मागितली, तेव्हा ‘दुसऱ्या टप्प्यासाठी’ आणखी पैसे मागण्यात आले आणि नंतर फोन बंद झाला. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

मला अधिक काळजी वाटते ती नमुन्याची. आत्या आणि भाचरांचा डीएनए सरासरी पाव हिस्सा समान असतो, म्हणजे आमची संमती न घेता आमचीही माहिती अनोळखी हातांत गेली आहे. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या डीएनए चाचणी करणाऱ्या नामांकित अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली आणि २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. जिथे अशा कंपनीकडेही माहिती सुरक्षित राहिली नाही, तिथे पत्ता नसलेल्या माणसांकडून कोणती अपेक्षा ठेवावी?

पूर्वजांची नावे हवी असतील तर त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातील मोडी कागद अधिक उपयोगी पडू शकतात. कोणी अशी चाचणी आधीच केली असल्यास पैसे दिल्याची पावती, अहवाल आणि विशेषतः भरलेल्या माहितीपत्रकाची प्रत जपून ठेवावी. आत्यांनी त्या पत्रकाचे छायाचित्र काढून ठेवले होते, म्हणूनच अहवालातील मजकूर कोठून उचलला गेला हे आम्हाला तक्रारीत दाखवता आले.