आई-बाबांसाठी फुले योजना की खासगी पॉलिसी : नागपुरातील एका घराचा अनुभव

घरात पांढरी शिधापत्रिका आहे, आई-वडील साठीच्या पुढे गेले आहेत आणि कुटुंबातील कोणालाही सरकारी नोकरीची वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळत नाही, अशी कुटुंबे आपल्या नागपुरात गल्लोगल्ली आहेत. आमचे घर त्यांपैकीच एक. माझे वेतन दरमहा २१,००० रुपयांच्या पुढे गेले तेव्हा ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) संरक्षण संपले आणि आई-बाबांच्या दवाखान्याचा खर्च कशावर सोपवायचा, हा प्रश्न घरात आला. पुढच्या चार-पाच वर्षांत आम्ही दोन्ही वाटा चालून पाहिल्या : आधी विकत घेतलेली खासगी पॉलिसी आणि नंतर राज्य शासनाची मोफत उपचारांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ज्यांना आज यांतून निवड करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

२०२० मध्ये आम्हाला खरे तर निवड नव्हतीच. त्या वेळी, कोविडकाळातील तात्पुरती सवलत सोडली तर, ही योजना पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांसाठी होती, आणि केशरी कार्डाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये होती. पांढऱ्या कार्डावर लाभ मिळत असे तो फक्त चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना. त्या यादीत विदर्भातील अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि वर्धा होते, नागपूर नव्हते. सेलूजवळ राहणाऱ्या माझ्या मामांना सातबारा दाखवून जो उपचार मिळू शकत होता, तो तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या त्यांच्या सख्ख्या बहिणीला मिळत नव्हता, ही गोष्ट आईला फार लागली होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने हा भेद संपवला. कार्डाचा रंग पाहणे थांबले, दरवर्षी प्रतिकुटुंब दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले आणि १ जुलै २०२४ पासून हे प्रत्यक्षात लागू झाले. ज्यांच्याकडे शिधापत्रिकाच नाही, त्यांना अधिवास प्रमाणपत्रावर पात्र ठरता येते. म्हणजे पात्रतेचा प्रश्न आता जवळपास मिटला आहे. उरला आहे तो कागदपत्रांचा.

खासगी पॉलिसी आम्ही बाबांची पासष्टी पूर्ण होत असताना, ऑक्टोबर २०२० मध्ये घेतली. दोघांसाठी मिळून तीन लाखांची, पहिल्या वर्षीचा हप्ता ३१,४०० रुपये. पॉलिसीची बाजू प्रामाणिकपणे मांडायची तर तिचे दोन गुण निर्विवाद आहेत. एक म्हणजे, डेंग्यू असो, न्यूमोनिया असो किंवा साधा पण उतरत नसलेला ताप असो, चोवीस तासांच्या भरतीचे कारण असले की ती सामान्यतः चालते. आजार एखाद्या ठरावीक यादीत आहे का, हे पाहावे लागत नाही. दुसरे म्हणजे, वेगळी खोली मिळते, आणि रात्री रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाला त्या खोलीचे मोल कळते. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना ज्येष्ठ पालकांच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावटही मिळते. मधुमेह आणि रक्तदाबासारख्या आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावे लागते. हा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकतो, आमच्या वेळी तो चार वर्षांचा होता. हे सगळे आम्ही समजून घेऊन स्वीकारले होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका दिवसाबद्दल. सप्टेंबर २०२३ मध्ये बाबांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. हर्नियासाठीची दोन वर्षांची अट उलटून गेली होती, रुग्णालय कॅशलेसच्या (कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते त्या) यादीत होते, मंजुरीही आली होती. भरती करताना पॉलिसीच्या मर्यादेतील, दिवसाला तीन हजारांची खोली रिकामी नव्हती, म्हणून साडेचार हजारांची दिली गेली, आणि मी मनात हिशेब केला की दिवसाचे दीड हजार आपल्या खिशातून जातील, तीन दिवसांचे साडेचार हजार. घरी सोडण्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी सही केली. बाबा शर्ट-पँट घालून, चपला पायात घालून पलंगाच्या कडेला बसले. दुपारी दोनला कंपनीची विचारणा आली, चारला रुग्णालयाने उत्तर पाठवले, सहाला पुन्हा एक विचारणा आली. रात्री पावणेनऊला अंतिम आकडा हातात पडला.

बिल ८४,००० रुपयांचे होते. त्यातील खोलीच्या १३,५०० पैकी ९,००० मंजूर झाले, इथपर्यंत माझा हिशेब बरोबर होता. मात्र खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली, म्हणून शल्यचिकित्सकांची फी, भूल, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग यांचे ४८,००० रुपयेही त्याच प्रमाणात कापून ३२,००० करण्यात आले. औषधे आणि तपासण्यांच्या २२,५०० मधून हातमोजे, कापूस, मास्क अशा ‘देय नसलेल्या’ वस्तूंचे ४,२०० वजा झाले. उरलेल्या ५९,३०० वर ज्येष्ठांसाठीचा वीस टक्के सहभाग, म्हणजे ग्राहकाने भरायचा वाटा, आमचा. कंपनीने ४७,४४० रुपये दिले आणि मी रात्री नऊ वाजता ३६,५६० रुपये भरले, त्यांतील काही शेजाऱ्यांकडून फोनवर मागवून घेऊन. यांतील एकही कपात बेकायदा नव्हती. प्रत्येक अट छापील कागदावर होती आणि ती माझ्या वाचनातूनही गेली होती. परंतु आजारी माणूस शेजारी बसलेला असताना शेवटच्या तासापर्यंत आपल्याला किती पैसे उभे करायचे आहेत हे कळू नये, हे मला विम्याच्या मूळ हेतूच्याच विरुद्ध वाटले. विमा आपण त्या अनिश्चिततेपासून सुटण्यासाठीच घेतो.

तेव्हापासून नियम सुधारले आहेत, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कॅशलेस मंजुरीसाठी एक तास आणि रुग्णाला घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घातली. जानेवारी २०२५ मध्ये साठीवरील ग्राहकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्यापूर्वी कंपनीने नियामकाशी विचारविनिमय करावा असे ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील अठरा टक्के जीएसटीही गेला. खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसीही मिळतात. आज कोणी नव्याने घेतली तर त्याचा अनुभव आमच्यापेक्षा बरा असण्याची शक्यता आहे. आमच्याकडे मात्र २०२४ च्या ऑक्टोबरात ५२,८०० रुपयांच्या हप्त्याची मागणी आली, तोवर पांढऱ्या कार्डाला योजना लागू झाली होती, आणि बराच विचार करून आम्ही नूतनीकरण केले नाही.

आता दुसरी वाट. फुले योजनेसाठी आधी नाव नोंदवावे लागत नाही आणि हप्ता नाही. आजारपण आले की अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाकडे, शिधापत्रिका आणि आधार घेऊन जायचे, अशी मूळ रचना आहे. ऐकायला सोपी वाटते, पण सगळी मेख शिधापत्रिकेत आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नसल्यामुळे आपण ते वर्षानुवर्षे कपाटात ठेवतो. आमचे कार्ड ऑनलाइन नोंदलेलेच नव्हते, म्हणजे त्याला बारा अंकी क्रमांक नव्हता. त्यावर आईचे नाव ‘शकुन’ होते आणि आधारवर ‘शकुंतला’. मुलाच्या मुंजीत आणि रुखवतात ती शकुनच असली, तरी संगणकासाठी त्या दोन वेगळ्या बाया होत्या. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत आणि चार हेलपाटे लागले. पहिल्या खेपेला कागद अपुरे, दुसऱ्या खेपेला संबंधित कर्मचारी रजेवर, तिसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. एकूण सहा आठवडे गेले. हा त्रास थोडा नव्हता. फरक इतकाच की तो आम्ही धडधाकट असताना, आमच्या सवडीने आणि एकदाच भोगला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आईच्या छातीत दुखू लागले. अँजिओग्राफी आम्ही स्वखर्चाने केली आणि एका मुख्य धमनीत अडथळा निघाला. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटीमध्ये जावे की योजनेतील खासगी रुग्णालयात, यावर घरात चर्चा झाली आणि जवळचे म्हणून खासगी रुग्णालय निवडले. जाण्याआधी योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर फोन करून एकच गोष्ट विचारली : ते रुग्णालय योजनेत हृदयरोगासाठी अंगीकृत आहे का? केवळ ‘योजनेत आहे का’ एवढे विचारून भागत नाही, कारण एखादे रुग्णालय मूत्रपिंडविकारासाठी यादीत असते आणि हृदयासाठी नसते, आणि हे रुग्ण दारात नेल्यावर कळणे फार वाईट.

आरोग्यमित्राच्या खिडकीशी आईचा अंगठा जुळेना. चाळीस वर्षे भांडी आणि धुणे केलेल्या हाताच्या रेषा यंत्राला वाचता येत नव्हत्या. तिने पदराला बोट पुसून चार वेळा ठेवले, मग त्या मुलीने आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवला आणि ओळख पटली. तो मोबाइल क्रमांक चालू होता म्हणून निभावले. पलंगावर आईचा फोटो काढून कागदांसोबत पूर्वपरवानगीसाठी पाठवला गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली आणि त्याच संध्याकाळी अँजिओप्लास्टी झाली. मधली रात्र आम्हाला जड गेली, हे खरे. तातडीच्या स्थितीत फोनवरून परवानगी घेऊन कागद नंतर देण्याची सोय आहे, पण आईची प्रकृती स्थिर असल्यामुळे ती लागू झाली नाही. वॉर्ड सहा खाटांचा होता. पंखा दोन खाटांना मिळून एक. सोबतीला बसण्यासाठी प्लास्टिकची खुर्ची होती आणि मी तीन रात्री तिच्यावर काढल्या.

घरी सोडण्याच्या दिवशी एका कागदावर सही घेतली, घरी परतण्याचे प्रवासभाडे हातात दिले आणि दहा दिवसांच्या आत तपासणीसाठी यायला सांगितले. बिलाच्या खिडकीशी आम्हाला जावे लागले नाही. आई बारा वाजता निघाली आणि एक वाजता मानेवाड्याच्या घरात स्वतःच्या पलंगावर होती. बाबांनी त्या दिवशी दोनदा विचारले, ‘‘काही भरायचं राहिलं नाही ना रे?’’

योजनेच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. २०२३ च्या निर्णयानुसार तिच्यात १,३५६ उपचार होते, पुढे ते वाढवले गेले. संख्या मोठी असली तरी ती यादीच आहे, आणि यादीबाहेरचा आजार असेल तर पाच लाखांचे संरक्षण असूनही उपयोग नाही. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणजे तिथे मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची रांग अटळ. बाह्यरुग्ण तपासणी, रोजच्या गोळ्या यांचा खर्च आपलाच. पाच लाख हे प्रत्येकाचे नसून संपूर्ण कुटुंबाचे आहेत. शहरातील काही मोठी रुग्णालये योजनेत नाहीत, आणि ज्यांचा वर्षानुवर्षांचा डॉक्टर अशाच ठिकाणी बसतो, त्यांना ती अडचण वाटेल. योजनेतील रुग्णाकडे कोणी वरचे पैसे मागितले, तर ते न भरता आधी आरोग्यमित्राला आणि १५५३८८ वर सांगावे.

बाबांना सत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांच्यासाठी केंद्राच्या मोफत उपचारांच्या योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढले. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, हे खुले केले आहे. यासाठी शिधापत्रिका लागत नाही; वय आधारवरूनच धरले जाते आणि मोबाइलवरील आयुष्मान ॲपमधून घरबसल्या ई-केवायसी (ओळख पडताळणी) होते. आमचे काम वीस मिनिटांत झाले. खासगी पॉलिसी असलेल्यांनाही ते घेता येते. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांच्या योजनेचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोहोंतून एक निवडावे लागते. ज्यांच्या घरी कोणी सत्तरीच्या पुढे आहे, त्यांनी हे आजच करावे, यात मला तिळमात्र शंका नाही.

उरतो तो साठ ते सत्तरमधल्या आई-वडिलांचा प्रश्न. हप्ता सहज झेपत असेल, वेगळी खोली आणि ठरलेला डॉक्टर हवा असेल, तर खोलीभाड्याची मर्यादा आणि सहभागाची अट नसलेली पॉलिसी जरूर पाहावी. आधीच पॉलिसी असेल आणि तिचा प्रतीक्षाकाळ संपलेला असेल, तर आमच्यासारखी ती सोडण्याची घाई करू नये. एकदा सोडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी स्वतःसाठी आणि पत्नीसाठी एक लहान पॉलिसी ठेवली आहे, कारण आमच्या वयात डेंग्यूची शक्यता हृदयविकारापेक्षा जास्त आहे. परंतु आई-बाबांच्या बाबतीत, ज्या आजारांनी घर कर्जात बुडते त्या हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगासारख्या आजारांसाठी, मला फुले योजनेचा आधार अधिक वाटतो.

तिकडे वळणाऱ्यांनी या आठवड्यात कपाटातून शिधापत्रिका काढून आधारशेजारी ठेवावी आणि घरातील प्रत्येकाचे नाव अक्षर-अक्षर ताडून पाहावे. बारा अंकी क्रमांक आहे का, सुनेचे नाव चढवले आहे का, आधारला जोडलेला मोबाइल अजून चालू आहे का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. आमच्या कार्डावर बाबांचे जन्मवर्ष अजूनही चुकीचे आहे. त्या दुरुस्तीचा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला आहे.