नऊ महिन्यांनंतर: रिफिलचे मार्कर आणि बेळगावचा पावसाळा

मीटिंग चालू असताना भिंतीवर कागद लावून, लोक बोलतात ते तिथल्या तिथे शब्दांत आणि चित्रांत उतरवायचं, हे माझं काम. लाइव्ह ग्राफिक रेकॉर्डिंग म्हणतात याला. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोकडे हे रुजलं. बेळगावात अजून ‘बोर्ड रंगवायला येणाऱ्या मॅडम’ एवढीच ओळख आहे, आणि चहाच्या वेळी ‘वाढदिवसाचे बॅनर पण करता काय हो?’ हा प्रश्न ठरलेला.

मार्चमध्ये मी परदेशी बनावटीचा, शाई भरता येणारा मार्करांचा संच घेतला. त्यातल्या एका मार्करच्या पैशांत खडेबाजारात साध्या मार्करांचा डबा येतो, त्यामुळे घरी किंमत सांगितलेली नाही.

त्याआधी टॅब्लेटवर प्रोक्रिएट या चित्रांच्या ॲपमध्ये काढून प्रोजेक्टरवर दाखवत असे. त्याची सोय मोठी. चूक पुसता येते, मीटिंग संपायच्या आत फाइल सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर. पण माणसं पडद्याकडे टीव्ही बघावा तशी बघतात. कोणी उठून जवळ येत नाही.

कागदाने काय होतं ते एप्रिलमध्ये उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कळलं. विषय रिजेक्शनचा, म्हणजे नापास होणाऱ्या मालाचा. मॅनेजर ब्लोहोलबद्दल, म्हणजे ओतलेल्या धातूत गॅसने पडणाऱ्या पोकळ्यांबद्दल, बोलत होते, मी कास्टिंग काढून त्यात फुगे दाखवले आणि साच्याच्या वाळूतून गॅस आत शिरतोय असे बाण मारले. मागच्या रांगेतले कोअर शॉपचे (कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, तिथे बनतात) सुपरवायझर उठून आले. ‘ओ मॅडम, गॅस तिकडनं नाही आला बघा. कोअरची व्हेंट बुजली की तो जाणार कुठं? द्या ते पेन.’ त्यांनी कोअरच्या मधोमध व्हेंटची, म्हणजे गॅस बाहेर जायच्या वाटेची, एक रेघ मारली, तिच्या तोंडाशी फुली केली. पुढचा पाऊण तास सगळी चर्चा त्या फुलीवर. टॅब्लेटचं पेन त्यांनी माझ्या हातून घेतलं नसतं.

आता तक्रारी.

मार्करची चपटी, तिरकी टोकं रोमन लिपीच्या हिशेबाने कापलेली आहेत. देवनागरी बोरूचा काप उलट्या बाजूचा. त्यामुळे सरळ धरून लिहिलं की जिथे जाड हवं तिथे अक्षर बारीक होतं. मुठीत मार्कर उलटा फिरवून धरायची सवय लागायला मला दोन महिने गेले, मनगट दुखलं ते वेगळंच. शिरोरेषा हाही वेळखाऊ प्रकार. तिच्यावर उपाय जुना सापडला: मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि अक्षरं तिला टांगत जात. मीही तेच करते. बोलणारा श्वास घेतो तेवढ्यात रेघ मारून तयार.

कन्नडचं गणित निराळं. शिरोरेषा नाही, पण अक्षरं गोल, आणि जोडाक्षरातला दुसरा वर्ण खाली लटकतो. चिकोडीकडे ऊस उत्पादकांच्या बैठकीत ‘कब्बु’ लिहिलं तर खालचा ‘ब’ थेट पुढच्या ओळीतल्या ‘उतारा’वर जाऊन बसला. तेव्हापासून ओळींत चार बोटं जागा सोडते आणि कन्नडसाठी गोल टोकाचाच मार्कर वापरते. संचात तो एकच आला, बाकीचे वेगळे मागवावे लागले. एका वाक्यात मराठी, कन्नड, इंग्रजी बोलणारी माणसं कंपनीच्या डोळ्यांसमोर नव्हती, हे उघड आहे.

शाई पाण्याची. वास येत नाही, कागदाच्या पलीकडे उतरत नाही; कारखानदाराची नवी रंगवलेली भिंत वाचते. रेघांसाठीचा काळा एकदा वाळला की वरून रंग फिरवला तरी फरफटत नाही. पण जुलैत वाळेल तर ना! उन्हाळ्यात हात फिरेपर्यंत सुकणारी रेघ पावसाळ्यात ओलीच राहते, आणि माझ्या बाहीवर कोणाचं तरी पुढच्या वर्षीचं टार्गेट उमटतं. मोठे नकाशे छापायचा ३६ इंची कागदाचा प्लॉटर रोल मी झेरॉक्सवाल्याकडून घेते. दमट हवेत तो पोटाशी फुगतो आणि चिकटपट्टी सुटते. खानापूरला ऐन भाषणात अख्खा कागद माझ्या डोक्यावर आला. लोक हसले, वक्तेही. मग दोघांनी शेवटपर्यंत कोपरे धरून ठेवले.

रिफिलचं म्हणाल तर पैसे तिथे वसूल होतात. काळ्यात चार वेळा शाई भरली, बाकी रंगांत एकदा-दोनदा. टोकं बदलता येतात. मात्र शाई संपत आल्यावर मागवायची नाही. पार्सल एकदा तीन आठवड्यांनी आलं आणि मधली दोन कामं साध्या मार्करवर ओढावी लागली.

रोज इंग्रजीतच काम असेल तर डोळे झाकून घ्या. मराठी-कन्नड करणार असाल तर पूर्ण संच नको, काळे दोन, राखाडी एक, भडक रंग दोन आणि गोल टोकाचे जास्त. पिवळा घेतलात तर ओल्या काळ्याजवळ नेऊ नका. माझ्या पिवळ्याचं टोक नवव्या महिन्यात शेवाळासारखं दिसतंय.