चौदा महिने गिंप वापरल्यावर: फोटो जमले, ‘ल’ आणि ‘श’नं छळलं

मागच्या महिन्यात गुरुजी फ्रेम परत घेऊन दुकानात आले. काच फुटलेली नव्हती, रंग उडालेला नव्हता. फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “फोटो सुरेख केलास. पण हा ‘ल’ कुठला रे? असा ‘ल’ तू माझ्या वर्गात काढला असतास तर पाटी पुसायला लावली असती.”

ओळ होती ‘शाळेतली मुले, सन 1974’. एक ‘श’, दोन ‘ल’ आणि तिन्ही हिंदी वळणाचे. छापायच्या आधी मी ती ओळ चार वेळा वाचली होती, शुद्धलेखन तपासलं होतं, पण अक्षराच्या वळणाकडे लक्षच गेलं नाही. त्या दिवसापासून गिंप या फोटोंवर काम करायच्या मोफत सॉफ्टवेअरबद्दल माझं जे मत झालंय, ते बरंचसं या दोन अक्षरांवरून झालंय.

आधी इथवर कसा आलो ते सांगतो. चिपळुणात माझं छोटं स्टुडिओचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, पत्रिका, श्रद्धांजलीच्या फ्रेमा आणि 22 जुलै 2021 च्या पुरानंतर भिजलेल्या फोटोंची दुरुस्ती. ते काम अजून येतं. लोक ट्रंका आवरतात, एकमेकांना चिकटलेले फोटो सापडतात. पूर्वी मी भाड्याचं सॉफ्टवेअर वापरायचो, नाव घेत नाही. नूतनीकरणाचे पैसे न विचारता खात्यातून गेले. बंद करा म्हटलं तर वर्ष पूर्ण व्हायच्या आत बंद केल्याचा दंड सांगितला. ग्राहक सेवेशी तीन दिवस भांडलो, अर्धेच पैसे परत मिळाले. त्याच रात्री गिंप उतरवून घेतलं. महिन्याचं भाडं म्हणजे माझा फ्रेमांच्या पट्ट्यांचा खर्च आहे, तो असा जाऊ देणं मला परवडत नाही.

सुरुवात गिंपच्या 2.10 आवृत्तीवर केली. पहिले दोन महिने चिडचिड झाली. कंट्रोल-एस दाबलं की फक्त गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल जतन होते, जेपीजी हवी तर एक्स्पोर्ट वेगळं करावं लागतं. एका गिऱ्हाइकाला घाईत एक्ससीएफ व्हॉट्सॲपवर गेली, त्यांना ती उघडेना. आता हात बसला आहे. उलट, मूळ काम आणि छापायची फाइल वेगळी राहते हे मला पटलंय. जेपीजीवरच पुन्हा पुन्हा जतन करून आधी मी किती फोटो खराब केले असतील!

फोटो दुरुस्तीत मात्र कुठेही उणं पडलं नाही. गुरुजींचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. असा फोटो ओढून काढू नका, रंगाचा थर काचेवरच राहतो. मी काचेसकट स्कॅन केला. चार बाय सहा इंचांचा फोटो 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) घेतला की 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात, म्हणजे 200 डीपीआयनं बारा बाय अठराची फ्रेम निघते. डाग काढताना क्लोनचं काम, म्हणजे शेजारचा चांगला भाग उचलून डागावर लावणं, फोटोवरच्या रिकाम्या लेअरवर (पारदर्शक थरावर) करतो, ‘सँपल मर्ज्ड’वर खूण करून, म्हणजे खालच्या फोटोतला भाग उचलला जातो. मूळ स्कॅनला धक्का लागत नाही, चुकलं तर तेवढाच लेअर पुसायचा. डाग आजूबाजूच्या रंगात मिसळणारं हील टूल फोटोच्या डुप्लिकेट लेअरवर चालवतो. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाचा अर्धा चेहरा बुरशीनं खाल्ला होता. तो मी बनवला नाही, फक्त डागाचा रंग खाली आणला. दुसऱ्याचा डोळा उचलून तिथं बसवणं सोपं होतं, पण मग तो मुलगा तो राहिला नसता. गुरुजींनी त्याला उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावरून ओळखला.

16 मार्च 2025 ला गिंपची 3.0 आवृत्ती आली आणि माझं मत दोनदा बदललं. आधी खाली गेलं, कारण 2.10 साठी गोळा केलेले जुने प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) त्यात चालेनात. मग वर गेलं. कर्व्ह्ज (उजेड-अंधाराचा तोल), सावली, ब्लर हे आता लेअरला लागलेले फिल्टर म्हणून राहतात, महिन्यानंतरही फाइल उघडून आकडे बदलता येतात. अक्षरांना बाह्यरेषा टूलमध्येच देता येते. पत्रिकेतलं नाव बदललं तरी सावली तशीच राहते. ऑफसेट छापखानेवाल्यांसाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली, जेपीजी किंवा टिफ फाइल निघते. काम आरजीबीमध्येच, म्हणजे पडद्याच्या रंगांत, करावं लागतं, पण माझ्या कामाला तेवढं पुरतं.

आता ‘ल’ आणि ‘श’.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्याकडे युनिकोडची (मोबाइलवर टाइप करतो त्या मजकुराची) जोडाक्षरं फुटायची, म्हणून जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वापरायचो. ते मराठी वळणाचे होते, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही. गिंपमध्ये युनिकोड मजकूर सरळ टाइप करता येतो, ‘श्रद्धांजली’पासून ‘कार्तिक्यां’पर्यंत एकही जोडाक्षर फुटत नाही. त्या आनंदात मी वर्षभर हिंदी वळणाचा पाकळी नसलेला ‘ल’ आणि देठ नसलेला ‘श’ छापत राहिलो. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे आपलं वळण आहे, पहिलीच्या पाटीवर गिरवलेलं. शाळेच्या फोटोखाली तरी ते चुकायला नको होतं.

आधी वाटलं, फॉन्ट वाईट. तिरो देवनागरी मराठी उतरवला, त्यात अक्षरं बरोबर आली. पण तो रेग्युलर आणि इटालिकमध्येच मिळतो, फ्रेमखाली मला जाड अक्षर हवं. नोटो सान्स देवनागरीत जाड आहे, पण त्यात पुन्हा तोच ‘ल’. दोन रात्री यात गेल्या.

उत्तर टेक्स्ट टूलच्या पर्यायांमध्ये, पार तळाशी होतं. ‘लँग्वेज’ नावाचा एक चौकोन आहे. माझा प्रोग्रॅम इंग्रजीत चालतो, म्हणून तिथं इंग्लिश भरलेलं होतं. मी तिथं मराठी निवडलं आणि पडद्यावर, माझ्या डोळ्यांसमोर, त्याच नोटोमध्ये ‘ल’ला पाकळी फुटली, ‘श’ला देठ आला. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, मजकूर कोणत्या भाषेचा हे सांगितल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. ज्या फॉन्टमध्ये ही सोय भरलेली नाही, तिथं चौकोन बदलून काही होत नाही. तेव्हा फॉन्ट निवडताना ‘शाळेतली’ टाइप करून बघा.

माझी तक्रार एवढीच, की ही गोष्ट तळाशी का? देवनागरी टाइप केली की भाषा विचारायला हवी. मी जाड नोटो, मराठी भाषा आणि आकार असं टूल प्रीसेट (एका क्लिकवर लागणारी ठरलेली मांडणी) करून ठेवलंय आणि दुकानातल्या पोराला सांगितलंय की मजकुराला हात लावण्याआधी तेच निवडायचं. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळ मोठी दिसायला हवी असेल तर आकार वाढवा.

घ्यावं का, असं विचाराल तर फोटो दुरुस्ती आणि पत्रिका करणाऱ्यानं बेधडक घ्यावं. वाचलेल्या भाड्यातला थोडा भाग मी गिंपला देणगी म्हणून पाठवलाय.

गुरुजींची ओळ पुन्हा छापून दिली, पैसे घेतले नाहीत. त्यांनी चष्मा पुसून ‘ल’ पाहिला आणि फ्रेम काखेत धरून निघाले. पत्रिकांचे 62 नमुने आहेत माझ्याकडे, एकेक उघडून भाषा बदलतोय. काल रात्रीपर्यंत 39 झाले.