टोपणनावाचं मूळ शोधायला वाईचा मराठी विश्वकोश कितपत कामाला येतो?

३ ऑगस्टला, नाना पाटलांच्या जयंतीला, फलकांवर ‘क्रांतिसिंह’ येतो, २२ सप्टेंबरला, भाऊराव पाटलांच्या जयंतीला, ‘कर्मवीर’. सातारा-सांगलीकडं जयंतीचं भाषण, सूत्रसंचालन किंवा शाळेचं हस्तलिखित ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांनी उपाधी लिहिण्याआधी तीन गोष्टी पाहायला हव्यात: ती कोणी दिली, कधी दिली आणि कुठं दिली. त्यासाठीचं सगळ्यात भरवशाचं साधन आपल्याच सातारा जिल्ह्यात, वाईत घडलं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. वीस खंडांचा हा कोश आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. हे परीक्षण टोपणनावं आणि म्हणी, एवढ्या दोनच कामांपुरतं आहे.

शोधखिडकीत ‘कर्मवीर’ टाकलं की नको त्या नोंदींची रांग लागते आणि माणूस कंटाळून उठतो. कोशात माणूस आडनावानं लावलेला असतो. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. म्हणून ‘पाटील, भाऊराव’ असं शोधावं. टोपणनावानं आडनाव पार झाकून टाकलं असेल तिथं उलट करावं: नारायण श्रीपाद राजहंस ‘बालगंधर्व’ म्हणूनच शोधावेत. लेखनभेदही आडवे येतात. जोतीराव आणि ज्योतिराव, फडणीस आणि फडणवीस, दोन्ही टाकून पाहावं. आकड्यांची खोड वेगळीच. नोंदीतली सालं देवनागरी आकड्यांत आहेत, त्यामुळं इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) साल टाकलं तर ते सापडेलच असं नाही. एवढं करूनही नोंद हाती लागली नाही तर गुगलवर नावापुढं ‘मराठी विश्वकोश’ हे दोन शब्द जोडावेत. नोंद उघडल्यावर पानातल्या पानात ‘उपाधी’, ‘पदवी’, ‘गौरव’ हे शब्द शोधले की कामाचं वाक्य लवकर सापडतं.

कोशाची खरी ताकद पुढं आहे. नावाआधी लागणारा प्रत्येक शब्द एकाच जातीचा नसतो, आणि चरित्रनोंद सबंध वाचली की ही जात ओळखता येते. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावामागचं ‘तर्कतीर्थ’ लोकांनी दिलेलं नाही. ती कलकत्त्याची परीक्षा. ती ते १९२३ साली उत्तीर्ण झाले. तेव्हा ‘जनतेनं त्यांना तर्कतीर्थ म्हटलं’ हे वाक्य साफ चूक. कवठे पिरानच्या मारुती माने यांचं ‘हिंदकेसरी’ हा १९६४ साली कुस्ती मारून मिळवलेला किताब आहे, टोपणनाव नव्हे. जोतीराव फुल्यांचं ‘महात्मा’ मात्र भर सभेत दिलेली उपाधी. तिथं तिन्ही प्रश्नांची चोख उत्तरं मिळतात: मुंबईचा मांडवी कोळीवाडा, ११ मे १८८८, रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर. गंमत म्हणजे ‘फुले’ हे आडनावही आधी लोकांच्या तोंडचंच. खटाव तालुक्यातल्या कटगुणचं हे घराणं मूळ गोऱ्हे, फुलांच्या व्यवसायावरून फुले झालं. वाटेगावच्या तुकाराम भाऊराव साठे यांना अण्णाभाऊ हे घरगुती नाव चिकटलं आणि ‘लोकशाहीर’ पुढं लोकांनी जोडलं. ‘राजर्षी’ कोल्हापूरच्या शाहूंना १९१९ साली कानपूरला मिळालं. साताऱ्याचे शाहू, शिवरायांचे नातू, यांना ते लावायचं नाही. ‘शाहू’ एवढंच शोधलं की दोघंही समोर येतात, म्हणून जन्म-मृत्यूचा कंस आधी पाहावा.

गावांच्या बाबतीत सावध राहावं लागतं. १९४९ पर्यंत सातारा आणि आजच्या सांगलीचा बराच भाग एकाच जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून जुन्या मजकुरात यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात दिसतं. आज ते सांगलीत, कडेगाव तालुक्यात आहे. बालगंधर्वांचं नागठाणे पलूस तालुक्यातलं. साताऱ्याजवळ महामार्गावर त्याच नावाचं दुसरं गाव आहे आणि घोटाळा तिथंच होतो. खंड ज्या वर्षी छापला त्यानंतरची माहिती नोंदीत बरेचदा नसते, हेही ध्यानात ठेवावं.

म्हणींच्या बाबतीत हे साधन कमी पडतं. तो दोष म्हणता येणार नाही, कारण कोश विषयांचा आहे, वाक्प्रचारांचा नव्हे. ‘ध चा मा करणे’ हवं असेल तर नारायणराव पेशवे, रघुनाथराव आणि आनंदीबाई अशी वाट धरावी लागते. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, हे पक्कं. आनंदीबाईनं पत्रातलं ‘धरावे’ खोडून ‘मारावे’ केलं, ही मात्र आख्यायिका म्हणूनच सांगावी. ‘साडेतीन शहाण्यां’चंही तसंच: सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणवीस. नाना मुत्सद्दी, पण तलवारबहाद्दर नव्हेत म्हणून अर्धे, असं कारण सांगतात. नानांचा मेणवलीचा वाडा दाखवताना ते सांगायला हरकत नाही, फक्त ‘सांगतात’ हा शब्द गाळू नये. स्वातंत्र्यलढ्यातल्या नाना पाटलांच्या ‘पत्री सरकार’ला दोन व्युत्पत्त्या जोडतात. एक म्हणजे ‘प्रतिसरकार’चं बोलीतलं रूप, दुसरी पायाला पत्र्या ठोकण्याच्या शिक्षेची. शोधताना ‘प्रतिसरकार’ आणि ‘पाटील, नाना’ दोन्ही टाकावेत आणि भाषणात दोन्ही व्युत्पत्त्या सांगाव्यात. म्हणींसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश जवळ असावा. त्याचे दोन भाग १९४२ आणि १९४७ साली आले.

टोपणनावांसाठी विश्वकोशाला पाचपैकी चार, म्हणींसाठी दोन. कापलेला एक गुण एका उणिवेचा आहे: उपाधीवरून थेट माणसापर्यंत नेणारी वेगळी सूची हवी. ‘कर्मवीर’ टाकलं की ‘पाटील, भाऊराव पहा’, ‘लोकशाहीर’ टाकलं की ‘साठे, अण्णाभाऊ पहा’, एवढी सोय झाली तर शाळेतल्या पोरांनाही हा कोश एका झटक्यात वापरता येईल.