बॅरी सँडर्स की एमिट स्मिथ?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या या दोघांपैकी श्रेष्ठ कोण? आकड्यांपुरते बोलायचे तर वाद उरत नाही. एमिट स्मिथने १५ हंगामांत चेंडू घेऊन धावत १८,३५५ यार्ड काढले आणि डॅलस काउबॉइजसोबत ३ सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकले. डेट्रॉइट लायन्सच्या बॅरी सँडर्सची बेरीज १० हंगामांत १५,२६९ यार्डांवर थांबली. मात्र दर धावेमागे सँडर्सची सरासरी ५ यार्ड, तर स्मिथची ४.२ होती, आणि स्मिथला वाट मोकळी करून देणारी फळी त्या काळातील सर्वोत्तमांपैकी होती, हे विसरून चालणार नाही.

सँडर्स अंगावर आलेल्या बचावपटूला जागच्या जागी गिरकी घेऊन असा चुकवी की त्याच्या हाती नुसता वारा लागे. या हव्यासापायी तो अनेकदा यार्ड गमावूनही बसे. टचडाउननंतर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवल्यावर, नाच नाही, आरोळी नाही; चेंडू मुकाट्याने पंचांच्या हाती. वॉल्टर पेटनचा कारकिर्दीत धावून सर्वाधिक यार्ड काढण्याचा विक्रम अवघ्या १,४५७ यार्ड दूर असताना, १९९९ मध्ये, त्याने आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली.

तो विक्रम २००२ मध्ये स्मिथने मोडला. डोळ्यांचे पारणे सँडर्स फेडतो, पण संघ उभारायचा झाला तर मी स्मिथकडेच झुकेन, आणि त्याचे कारण जानेवारी १९९४ मधील न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा सामना आहे. पूर्वार्धातच खांद्याचा सांधा निखळूनही तो मैदानाबाहेर बसला नाही. एकूण ३२ वेळा चेंडू घेऊन १६८ यार्ड धावला आणि जादा वेळेत काउबॉइजनी १६-१३ असा विजय मिळवला.