ओट्यावरचा उजेड: स्ट्रिपचा कंट्रोलर की बोर्डामागचा रिले?

ओट्यावरच्या कपाटांखाली एलईडी स्ट्रिप लावायची असेल, तर ती कुठली घ्यायची यापेक्षा चालू-बंद कशी करायची ते आधी ठरवा. मार्ग दोन. अडॅप्टर आणि स्ट्रिपच्या मध्ये बसणारा वाय-फाय कंट्रोलर, किंवा बोर्डातल्या बटणामागे दडणारा रिले, म्हणजे ॲपवरूनही चालू-बंद करता येणारा छोटा स्विच. रत्नागिरीच्या आमच्या घरात दोन्ही वापरून झालेत.

कंट्रोलरची मजा खरीच आहे. उजेड कमी-जास्त होतो, स्ट्रिप तशी असेल तर पांढऱ्याचा पिवळाही होतो. बांगडे साफ करताना लख्ख पांढरा, रात्री पाणी प्यायला उठलात तर मंद. रिलेला यातलं काही जमत नाही, चालू नाहीतर बंद.

पण कंट्रोलरसाठी बोर्डावरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते-येते ते सांगायला नको. मध्यरात्री लाईट आली की आमची स्ट्रिप आपोआप पूर्ण उजेडात पेटायची. स्वयंपाकघराला लागूनच आईची खोली. ती उठायची, बोर्डावरचं बटण बंद करायची, आणि सकाळी ॲपवर 'डिव्हाइस ऑफलाइन'. लाईट परत आल्यावर बंदच राहायचं, अशी सेटिंग बऱ्याच कंट्रोलरमध्ये असते. माझ्यात नव्हती. घेताना विचारून घ्या. ओट्याची लाईन इन्व्हर्टरवर असेल, तर कदाचित तुम्हाला हा त्रास जाणवणारही नाही.

रिलेला ती सेटिंग होती आणि माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. राउटर अजून सुरू व्हायचा असला तरी बोर्डावरचं बटण आपलं काम करतं. आईला ॲप उघडावं लागत नाही. बटण वर की खाली यावरून मात्र दिवा चालू की बंद ते कळत नाही, आणि बाबा त्यावरून अजून कुरकुरतात.

रिलेमध्येही मी वाय-फायऐवजी झिग्बीचा घेतला; झिग्बी म्हणजे स्मार्ट उपकरणांनी आपसात बोलायची वेगळी बिनतारी पद्धत. झिग्बीची उपकरणं सांभाळणारी डबी, म्हणजे हब, वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च आहेच. पण चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे आमचं वाय-फाय रडतखडत पोचतं. झिग्बीत पडवीतल्या दिव्याचा रिले ओट्यापर्यंतचा निरोप पुढे ढकलतो. त्यासाठी न्यूट्रल (विजेची परतीची तार) लागणारा रिलेच घ्या. बिनन्यूट्रलचे बहुतेक निरोप पुढे नेत नाहीत, शिवाय एवढ्याशा लोडवर बंद केलेली स्ट्रिपही मिणमिणत राहू शकते. बोर्डाचा डबा उथळ असेल तर रिले मावत नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियनला आधी बोर्ड उघडून बघायला सांगा.

मंद उजेडाची हौस मी प्लगमध्ये खोचायच्या साध्या नाइट लॅम्पवर भागवली.