जुन्या कॅसेट डिजिटल करून देणारी सांगलीतील एक सेवा: परीक्षण

माझे वडील वाळवा तालुक्यात शिक्षक होते. १९८०च्या दशकात, सुट्टीच्या दिवशी सायकलवर टेपरेकॉर्डर बांधून ते गावोगाव जात आणि प्रतिसरकारच्या चळवळीत वावरलेल्या वृद्धांशी बोलून ते बोलणे कॅसेटवर उतरवून घेत. त्या कॅसेट डिजिटल करून घेण्यासाठी मी सांगलीत विश्रामबाग परिसरातील एका दुकानाची सेवा घेतली. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट पेन ड्राइव्हवर करून देणे हा या दुकानाचा मूळ धंदा असून ध्वनिफितींचे काम त्याला पुढे जोडलेले आहे. दुकानाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या या व्यवसायात सर्रास आढळणाऱ्या सवयींविषयीच्या आहेत आणि त्यांचा दोष एका माणसाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. माझे मत आधीच सांगतो: यंत्रावरचे काम उत्तम, पण ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून हाती येणारी वस्तू अपुरी. काय हवे हे ग्राहकाने काम देतानाच स्पष्ट सांगितले, तर यातील बराचसा अपुरेपणा टळू शकतो.

या ध्वनिफितींचे महत्त्व घरगुती आठवणींपुरते नाही. १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे समांतर सरकार, म्हणजेच प्रतिसरकार, चालले, त्याच्या ठळक घटना आपल्याला तारखेनिशी ठाऊक आहेत: ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ लुटलेली पगाराची रेल्वे, १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडच्या चिमठाण्याजवळ लुटलेला खजिना. पण भूमिगत कार्यकर्त्यांना भाकरी कोणी पोचवली, कोणाच्या कडब्याच्या गंजीत कोण लपले, गावच्या न्यायदानाला बायका येत की नाही, या गोष्टी पोलिसांच्या कागदांत सापडत नाहीत. त्या सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे आणि तिचा आवाज ज्या फितींवर आहे त्या घराघरांतल्या माळ्यांवर पडून आहेत. आमच्याकडच्या तर २०१९च्या महापुरातून वाचलेल्या. धोक्याची पातळी ४५ फूट असलेल्या आयर्विन पुलाजवळ त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती, आणि गावभागातल्या आमच्या जुन्या घरात खालच्या कपाटातले जे जे होते ते सगळे गाळात गेले. त्यातल्या काही कॅसेट आम्ही नुसत्या पुसून ठेवल्या होत्या. पुढे त्यांच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली.

दुकानाची खरी ताकद येथे दिसली. बुरशी असलेली एकही कॅसेट थेट डेकमध्ये घातली गेली नाही, आणि ही साधी वाटणारी गोष्ट फार मोलाची आहे, कारण अशी एक कॅसेट चालवली की तिची बुरशी हेड (फितीवरचा ध्वनी वाचणारा भाग) आणि रबरी रोलरवाटे पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. दुकानाचे मालक वयाने पन्नाशीचे, पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे. त्यांनी कॅसेटचे कवच उघडले. जी कवचे स्क्रूची नसून चिकटवलेली होती ती पात्याने सांध्यावर अलगद उकलली, आतली दोन्ही रिळे बाहेर काढली, फीत हळूहळू हाताने फिरवत मऊ कोरड्या कापडातून नेली आणि मग दुसऱ्या, स्वच्छ, स्क्रूच्या कवचात बसवली. एका कॅसेटमध्ये हेडसमोर फितीला दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला होता. तो नसला की आवाज गढूळ आणि खालीवर होतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की फीतच खराब झाली. नव्या कवचात तो आपोआप मिळाला आणि आम्ही मेलेली समजत असलेली कॅसेट बोलू लागली. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधली सुमारे बारा मायक्रॉन जाडीची आणि एकशे वीस मिनिटांचीतली त्याहूनही पातळ. पैसे वाचवायला वडिलांनी घेतलेल्या एकशे वीसवाल्या कॅसेटच सर्वांत जास्त सुरकुतल्या होत्या, आणि त्या पुढे-मागे पळवायच्या नाहीत, एकदाच सावकाश चालवायच्या, हे मालकांनी मला न विचारता सांगितले.

दुसरी कौतुकाची गोष्ट हेडच्या कोनाची. मूळ रेकॉर्डरचे हेड किंचित तिरके असेल तर ध्वनी त्याच तिरकसपणाने फितीवर उमटतो, आणि सरळ हेडच्या चांगल्या डेकवर तो वाजवला की वरच्या पट्टीतला सारा तपशील बोथट होतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक कॅसेटला हेडच्या बाजूचा स्क्रू किंचित फिरवून कोन जुळवावा लागतो. मालक ते कानाने करत होते. हातात बारीक स्क्रूड्रायव्हर, कानावर हेडफोन, आणि लक्ष फक्त ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांवर. ‘शेणोली’ हा शब्द आला की ते टेप मागे घेत, पुन्हा ऐकत, आणि ‘श’ धारदार झाला की थांबत. हे काम दर कॅसेटला आणि दर बाजूला नव्याने करावे लागते. स्वस्तात शेकड्याने कॅसेट उतरवून देणारे लोक नेमके हेच गाळतात.

वेगाचा प्रश्न मात्र अर्धवट सुटला. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने चालते. पण रेकॉर्ड करताना बॅटरी उतरत गेली असेल तर मूळ यंत्र हळू चाललेले असते आणि आज योग्य वेगाने वाजवल्यावर बोलणारा माणूस घाईत, चिरक्या आवाजात बोलतो. एका मुलाखतीच्या शेवटी असेच झाले होते. दुकानाने अंदाजाने वेग कमी करून दिला. तो ऐकायला बरा आहे, पण किती कमी केला आणि कोठून कमी केला याची कोणतीही नोंद दिली नाही. अभिलेखागाराची रीत अशी की जसे वाजले तसे आधी जपायचे आणि दुरुस्ती वेगळ्या प्रतीत करायची.

हीच रीत मोडल्याने माझी मुख्य तक्रार उभी राहिली. दुकानाच्या दरपत्रकात ‘आवाज साफ करून मिळेल’ ही ओळ ठळक आहे आणि बहुतेक ग्राहकांना तेच हवे असते. पहिल्या खेपेला मिळालेल्या फाईल ऐकायला खरोखर सुरेख होत्या: खरखर नाही, मागची घरघर नाही, दोन वाक्यांच्या मध्ये कापसासारखी शांतता. एका मुलाखतीत म्हातारेबुवा एका बैठकीविषयी सांगत आहेत आणि ती बुधवारी झाली असे म्हणतात. थोडा वेळ शांतता, आणि मग ते स्वतःच म्हणतात, “बरं, बाजारचा दिवस.” त्यांनी अचानक मत का बदलले ते कळेना. मूळ कॅसेट ऐकल्यावर कळले. आतल्या खोलीतून, भांड्यांच्या आवाजातून, त्यांच्या पत्नी म्हणत होत्या, “अवं, बुधवार कुटला? बाजारचा दिवस हुता त्यो. मी न्हवती का दळान घिऊन आली?” ठरावीक पातळीखालचा सगळा आवाज गोंगाट समजून कापणाऱ्या सॉफ्टवेअरने ही बाई पुसून टाकली होती. ज्या साक्षीदाराची मुलाखत घ्यायचे कोणाला सुचले नव्हते, ती त्या फितीवर होती आणि ‘साफ’ प्रतीत नव्हती. मालकांना हे ऐकवल्यावर त्यांनी सर्व कॅसेट कोणतीही प्रक्रिया न करता पुन्हा उतरवून दिल्या आणि जादा पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण दुकानात मूळ, कच्ची फाईल साठवण्याची पद्धतच नसल्याने सारे काम पुन्हा करावे लागले, आणि जीर्ण फितीला प्रत्येक फेरी महाग पडते.

फाईलच्या प्रकाराबाबतही मागणी करावी लागते. न सांगता मिळते ती एमपी३, म्हणजे जागा वाचवण्यासाठी ध्वनीचा काही भाग कायमचा टाकून दिलेली प्रत. ध्वनी-अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ जतनासाठी न दाबलेल्या वेव्ह फाईलची, किमान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झ व २४ बिट अशा दर्जाची शिफारस करते. दुकानातल्या यंत्रणेत ही सोय होती, फक्त कोणी ती मागत नव्हते. हिशेब सोपा आहे: ९६-२४ दर्जाची दोन चॅनेलची तासाभराची फाईल साधारण दोन जीबी होते, तर १२८ केबीपीएसची एमपी३ साठ एमबीच्या आत बसते. एवढी जागा आज कोणालाही परवडते. ऐकायला, नातेवाइकांना पाठवायला एमपी३ जरूर घ्यावी, पण ती वेव्हवरून काढलेली दुसरी प्रत असावी.

नोंदींच्या बाबतीत सेवा अगदीच कोरडी आहे. फाईलना ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी नावे होती आणि कॅसेटच्या कागदावर वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेला मजकूर कोणी उतरवला नव्हता, त्याचे छायाचित्रही नव्हते. ध्वनी टिकला आणि कोण, कोठे, कधी बोलले हे हरवले तर संशोधकाच्या दृष्टीने त्या फितीचा अर्धा जीव जातो. आमच्या भागात तर स्थळाची नोंद विशेष सावधपणे करावी लागते. मुलाखतीतले वृद्ध ‘सातारा जिल्हा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आजचा सातारा नसतो. वाळवा त्या वेळी ब्रिटिश सातारा जिल्ह्यात, कुंडल औंध संस्थानात आणि सांगली शहर सांगली संस्थानात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कार्यकर्ते हद्द ओलांडून संस्थानात का जात, हे या सीमा ठाऊक असल्याशिवाय समजत नाही. नोंदी कशा असाव्यात याचा वस्तुपाठ मराठीतच आहे: हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या कोणत्या गावच्या आणि कोणत्या बाईच्या हे त्यांबरोबर नोंदवले, आणि म्हणूनच ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाला २०१७पासून त्या ओव्या गाणारणींच्या नावानिशी प्रसिद्ध करता आल्या. दुकानाकडून एवढी अपेक्षा नाही. पण कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि तिच्यावरच्या मजकुराचे फाईलला नाव, एवढे तरी दरात बसले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला खटकली. काम चालू असताना एका मुलाखतीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा दुकानाने जाहिरातीसाठी व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवला होता. हेतू वाईट नव्हता. मालकांना त्या कथनाचे अप्रूप वाटले होते, आणि सांगताच त्यांनी तो काढलाही. पण या मुलाखतींत खबरे म्हणून ज्यांना शिक्षा झाली त्यांची नावे आहेत, आणि त्यांची नातवंडे त्याच गावांत राहतात. सांगणाऱ्याने ते एका शिक्षकाला, आपल्या पडवीत, विश्वासाने सांगितले होते. पोचपावतीवर ‘ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग वापरणार नाही’ हे एक वाक्य छापून घ्यावे आणि ग्राहकांनीही त्यासाठी अडून बसावे.

सुपूर्द करताना सर्व काही एका पेन ड्राइव्हवर मिळाले. पेन ड्राइव्ह ही पोचवण्याची वस्तू आहे, साठवण्याची नव्हे. मी त्याच दिवशी दोन हार्ड डिस्कवर प्रती केल्या. त्यांतली एक साताऱ्याला बहिणीकडे आहे, कारण दोन्ही प्रती कृष्णेच्या एकाच पूररेषेत ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक फाईलची चेकसम, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, तीही काढून ठेवली, म्हणजे काही वर्षांनी फाईल जशीच्या तशी आहे की बिघडली हे आकडा जुळवून कळेल. दुकानाने चेकसमची यादी सोबत दिली तर दोन मिनिटांचे काम आहे.

दर कॅसेटमागे साडेतीनशे रुपये आणि बुरशी काढण्याचे वेगळे, असा आहे. यूएसबीवाले छोटे कॅसेट प्लेअर ऑनलाइन मिळतात आणि चार-पाच कॅसेटच्या खर्चात घरी येतात, पण मी पाहिलेल्या प्लेअरमध्ये वेग डळमळत होता आणि कोन जुळवायला वाव नव्हता. गाण्यांच्या विकत घेतलेल्या कॅसेटसाठी तो चालेल, एकमेव प्रत असलेल्या मुलाखतीसाठी नाही. तेव्हा मुलाखती, कीर्तने, घरातल्या मोठ्यांचे बोलणे अशा कॅसेट असतील तर हे दुकान मी सुचवेन. मात्र ‘साफ करू नका, ९६-२४ वेव्ह द्या, वेग बदललात तर लिहून द्या’ हे पावतीवर लिहून घेऊनच कॅसेट हातातून सोडाव्यात. ओल्या झालेल्या कॅसेट हेअर ड्रायरने किंवा उन्हात वाळवून आणू नयेत. उष्णतेने फीत वाकडी होते.

नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या घरी असणाऱ्यांनी, आणि सांगली-मिरजेत अशी घरे कमी नाहीत, येथे सध्या जाऊ नये. दुकानातल्या टर्नटेबलला एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातल्या बारीक खाचेच्या तबकड्यांची सुई आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच त्या सुईहून दुपटीपेक्षा रुंद असते, त्यामुळे बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त येते. रुंद टोकाची सुई मागवण्याची मालकांची तयारी आहे. ती बसली आहे हे पाहिल्यानंतरच तबकड्या द्याव्यात.